निम्मी गोळी

९ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? पूर्ण जाईपर्यंत तिला माझ्या जवळपास फिरकू देऊ नकोस. ताईचे नखरे वाढलेत म्हणाली तर म्हणू दे.

फोन सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आधी चांगली बातमी. माझा हात थरथरायचा थांबलाय! ऑपरेशननंतर कप धरला की बशीत चहा सांडायचा, आठवतंय ना? कवळ्यांच्या कारखान्यात तर मालकांनी तोंडानं काही न बोलता मला पॉलिशच्या मशीनवर बसवलं होतं. मेणाचा दात कोरताना केसभर चुकलं तरी खाणाऱ्याचा जबडा दुखतो, त्यात त्यांचं काय चुकलं? परवा मी मुद्दाम सुरी हातात घेतली. एका शिक्षिकेचा पुढचा दात होता. तिला तो थोडा वाकडाच हवा होता, सरळ केला तर नवरा ओळखणार नाही म्हणे. एका बैठकीत कोरला. मालकांनी उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, इतके दिवस कुठे होता तुम्ही?" मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

कारण ती थरथर गोळीची होती रे. थांबली, कारण गोळी निम्मी झालीय. दुसरी तर डॉक्टरांनी बंदच केली.

आता मधलं सांगते. गळ्याशी एक गाठ आली होती. सर्दीची असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तुझ्या भावोजींनी हट्टानं दाखवायला नेलं. तुकडा काढून तपासला. गाठ चांगली नाही.

थांब, लगेच उठून येरझाऱ्या घालू नकोस. पुढचं वाच. डॉक्टरांनी मला समजावलं तसं सांगते. आपल्या अंगात पहारेकरी असतात. परकं दिसलं की ते अंगावर धावून जातात. तपासणीत आपल्या दोघांच्या रक्ताच्या सगळ्या खुणा जुळल्या म्हणून आपण किती मिरवलो होतो, पण त्यांच्या लेखी तू मला दिलेली किडनीही परकीच. म्हणून गोळ्या देऊन त्यांना सतत पेंगुळलेलं ठेवायचं. ते पेंगले म्हणून ती टिकली आणि मी जगले. पण पेंगलेला पहारेकरी बाकी कशाला अडवणार? साधी सर्दी महिनाभर हलायची नाही, ते एक वेळ चाललं. पण आपल्याच घरातलं कोणी बिघडलं तर तेही त्यांनीच धरायचं असतं. यावेळी त्यांना ते दिसलंच नाही.

म्हणून आता त्यांना जागं करायचं. जागे झाले की ते गाठीवर जातील. आणि जाता जाता तुझ्या किडनीवरही जाऊ शकतील. कदाचित नाही जाणार, म्हणतात डॉक्टर. हे म्हणताना ते माझ्याकडे नाही, फाईलकडे बघत होते.

तुझे भावोजी म्हणाले, "आधी त्याला विचार, वस्तू त्याची आहे." मी त्यांच्यावर खेकसले. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला पक्कं ठाऊक होतं. "जाऊ दे ती, दुसरी घे." खबरदार! तुझ्याकडे एकच उरलीय आणि तुला दोन पोरी आहेत. म्हणून विचारलं नाही. न विचारताच निम्मी गोळी सुरू केली. चार लोकांत तू मला चिडवायचास ना, "कुणाच्या जोरावर उड्या मारतेस गं?" तो जोरच मी डावावर लावलाय. मला जगायचंय, ढब्बू. लाज वाटते, पण जगायचंय.

रोज सकाळी उठले की पोटावर उजवीकडे हात ठेवून बघते. दुखतंय का, सुजलंय का. अजून काही नाही. हात मात्र दिवसेंदिवस स्थिर होत चाललाय. त्याचा आनंद होतो आणि लगेच स्वतःचाच राग येतो.

डॉक्टरांनी विचारलं, किडनी बंद पडलीच तर काढायची का? त्रास देत नसेल तर तशीच आत राहू शकते म्हणे. मी म्हटलं, राहू द्या. काम करत नसली म्हणून घरातलं माणूस कोणी बाहेर काढतं का?

उत्तर लिहू नकोस. राग येईल तुला, यायलाच हवा. पण तो तिकडे बसून काढू नकोस. ती किडनी चालू आहे तोवर इथे येऊन रागाव.

तुझी
ताई