बेचाळीस ठोके

१२ जुलै १९३८, मंगळवार
दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉ.साहेबांची नवी नळी आलीय, तिची परीक्षा म्हणून माझ्याच छातीवर लावली. ऐकलं. परत ऐकलं. मग मनगट धरलं आणि घड्याळ लावून पुरतं एक मिनिट मोजलं.
"माधवराव, बयालीस! ये दिल है के बैलगाडी? सुस्त हो गया तुमारा दिल. दौडना-वौडना एकदम बंद."
वीस वर्षं कंपाउंडरकी करून राहिलो. लोकांच्या नाड्या मोजमोजून चिठ्ठ्या भरल्या. स्वतःची एकदा धरून पाहायची अक्कल झाली नाही.
जेवताना डाव्या हाताची बोटं सारखी उजव्या मनगटावर. इंदू म्हणे, "हाताला काय झालं?" म्हटलं, काही नाही.

१३ जुलै, बुधवार
अंथरुणातच नाडी मोजली. ना. ४२. चूळ भरून, ४४. दुपारी औषध घोटताना पुन्हा, ४६. आता हा छंदच लागणार, दिसतंय.
वडील, अण्णा, गेले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. मला चैत्रात एक्केचाळीस लागलं. हे लिहायला नको होतं.

१५ जुलै, शुक्रवार
शुक्रवारची सुट्टी. बाईला सहज म्हणून विचारलं, अण्णांची नाडी कशी होती? म्हातारी आई मटकी निवडत होती. "वैद्य म्हनायचे, ह्याची नाडी दमानं चालती. तुला काहून पायजे आता?"
दमानं चालती. म्हणजे किती? बेचाळीस? पन्नास? त्या वैद्यानं आकडा कशाला ठेवला असेल.
कावड नेतानाच गेले अण्णा. श्रावणातला शेवटचा सोमवार. कयाधूचं पाणी भरून सात कोस पळत औंढ्याला, नागनाथावर घालायचं. खांद्यावर बांबू, दोन बाजूंना दोन घागरी, वाटेत कुठंही भुईला टेकवायची नाही. औंढा कोसभर राहिलं तेव्हा अण्णा चिंचेखाली मटकन बसले. जोडीला पळणाऱ्या तांड्यावरच्या माणसानं कावड वरच्यावर धरली. ती टेकली नाही. अण्णा गेले. पुढल्या साली मी खांदा दिला, बावीस वर्षं झाली.
गल्लीची कावड, पण मान आमच्या घराचा. मी नाही नेली तर चुलतभाऊ विठू टपलेलाच आहे. बिडी ओढून धापा टाकतो मेला.

१८ जुलै, सोमवार
डॉ. साहेबांना धीर करून विचारलं, हळू चालणारं दिल दरवेळी आजारीच असतं का? त्यांनी नळी गळ्यातून काढली. म्हणाले, तसं नाही. काम पडलं की ठोके चढतात का ते बघ. "चढता है तो ठीक. नहीं चढता तो बीमार." असं आहे तर. मग बघू.

२२ जुलै, शुक्रवार
हरचंदला धरला. औंढ्याच्या वाटेवरच्या तांड्यातला, अण्णांची कावड झेलणाऱ्याचाच पोरगा. दहा वर्षं माझा जोडीदार आहे, कावड कधी त्याच्या खांद्यावर, कधी माझ्या. बसल्या जागी ना. ४६. आनंदानं मी जवळजवळ उडीच मारली. मग नदीपासून टेकडीपर्यंत जीव खाऊन पळवला, आला तसा मनगट धरलं, पाव मिनिटात ४५. चारनं गुणून १८०!
"काय निंगालं, मास्तर?" मला मास्तर म्हणतो, कितीदा सांगितलं कंपाउंडर म्हण.
म्हटलं, घोडा हाईस तू.
"मंग तुमचीबी मोजा की." उद्या, म्हटलं. भ्यालो, दुसरं काय.
तालमीतल्या एका पैलवानाचीही पाहिली. एवढा मोठा गडी, बसून ७४. म्हणजे पळणाऱ्यांचंच दिल हळू चालतं की काय? की दोघंच आजारी आहोत, मी नि हरचंद?

२९ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. काल गल्लीनं कावडीचा नारळ दिला, मी घेतला. आता कावड पोचेपर्यंत चामडं अंगाला लावायचं नाही. वहाणा माळ्यावर, घड्याळ पट्ट्यासकट मधल्या घरात खुंटीला. दवाखान्यात अनवाणी. डॉ.साहेब बघून न बघितल्यासारखं करतात.
सकाळी नदी ते टेकडी दोनदा पळालो. घरी येऊन लगेच मोजली. ९६.
फक्त ९६. हरचंद १८०.

१ ऑगस्ट, सोमवार
नागपंचमी. पळून आलो, ९४. पाव मिनिटानं नाही, पुरतं मिनिट मोजलं, चूक नको म्हणून. ९४.
इंदूनं पुरणाची दिंडं केली होती. अर्ध्यावर ताट सरकवलं. "बरं न्हाई का?" म्हणाली. सगळं सांगून टाकलं मग. बेचाळीस, अण्णा, चढत नाही ते, सगळं.
ती उठून आत गेली. बाहेर आली ती डोळे पुसून. "विठूभाऊजींना देऊन टाका नारळ. आमाला कोन हाय तुमच्यावाचून?"
मी चिडलो. नको ते बोललो. माझी चूक होती, पण तिला तसं म्हटलं नाही.

५ ऑगस्ट, शुक्रवार
९८. काल ९२. चिखल तुडवत टेकडी चढतो, छाती फुटेल असं वाटतं, कानात धडधड ऐकू येते, आणि मनगटावर बघावं तर ९२! मग कानात वाजतं ते काय? भूत?
इंदू ओट्यावर उभी राहून मला येताना बघते. रोज.

९ ऑगस्ट, मंगळवार
डॉ.साहेबांना आकडे दाखवले. "सिर्फ छ्यानवे? फिर तो बात साफ है." अगदी मऊ आवाजात म्हणाले. हा माणूस मऊ बोलला की मला भीती वाटते.
हरचंद सांजेला दवाखान्याच्या दारात. "मास्तर, तुमी न्हाई आलात तर मी विठूसंगं पळनार न्हाई. सांगून ठेवतो." त्याला काय सांगू?

१२ ऑगस्ट, शुक्रवार
ठरलं. नारळ परवा विठूकडे देतो. बाईला सांगितलं. तिनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा असेल.
इंदूला आनंद व्हायला पाहिजे होता. दिवसभर भांडी आपटत होती.

१४ ऑगस्ट, रविवार
हे नीट लिहून ठेवतो.
सकाळी शेवटचं म्हणून पळालो. आलो, रांजणाजवळ गेलो, तर इंदू वाटेत आडवी. हातात माझं घड्याळ. पट्टा काढून टाकलेला, करगोट्याच्या दोऱ्यात ओवलेलं. "चामडं पट्ट्याला हाय, घड्याळाला न्हाई," म्हणे. "हात द्या. हितंच. पाय धुवायचे न्हाई."
अंगणातच मनगट धरलं. तिला मोजणं बोटांच्या पेरांवर येतं, तसंच मोजलं. काटा पाव मिनिट फिरला. चव्वेचाळीस पेरं.
१७६!
मला कळेना. मग ती बोलायला लागली. "तुमी येता. रांजणातून पानी काढता. पाय धुता, टाचा घासता. चूळ भरता. आत जाता, खुंटीवरून घड्याळ काढता, चश्मा हुडकता. मंग मोजता. तवर म्हशीचंबी काळीज थंड होईल."
आणि मी कंपाउंडर! हरचंदची नदीकाठी उभ्या उभ्या मोजली, स्वतःची मात्र हातपाय धुऊन, सोवळ्यात. पाय न धुता उंबरा ओलांडायचा नाही, हे हाडात इतकं मुरलंय की आजवर डोक्यातच आलं नाही. हसलो. मोठ्यानं हसलो. बाई बाहेर आली बघायला.
इंदू हसली नाही.
"मला आठ दिवसांपासनं ठाऊक हाय," ती म्हणाली. "ओट्यावरून बघत व्हते. बोलले न्हाई. वाटलं, राहून जाऊ द्यावं. तुमी घरी तर राहाल."
मग आज का बोललीस, विचारलं.
"परवा तुमी विठूभाऊजीचं नाव घेतलं, तवा तुमचं तोंड बघितलं. ते तोंड मला जल्मभर घरात नको."
नारळ देव्हाऱ्यातच आहे.

१७ ऑगस्ट, बुधवार
डॉ.साहेबांना सगळं सांगितलं, अण्णांचंही. स्वतः मला दवाखान्याभोवती पळवलं, पेशंट बघत होते! मोजली. मान हलवली. "चढती है. मैं गलत था शायद." मग खिडकीतून बघत, "लेकिन माधवराव, तुम्हारे वालिद की किसने गिनी थी?"
कुणीच नाही.
त्यांचीही चढत असेल. किंवा नसेल. माझी दमानं चालते, त्यांची दमानं चालायची. एवढंच ठाऊक.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
हरचंदबरोबर वाट बघायला सहा कोस चालत जाऊन आलो. त्या चिंचेपाशी नेहमी मी न बघता पुढं जातो. आज थांबलो. हरचंद म्हणाला, "माझा बा सांगायचा, तुमचे अण्णा बसताना हसले व्हते." इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. खरं असेल का? की मला बरं वाटावं म्हणून बोलला? त्याला विचारवेना.

२१ ऑगस्ट, रविवार
काही सुचत नाही. ४२, ४८, ४४, ५०. इंदूनं दुपारी हाताला हिसका दिला. "सोडा तो हात! सारखं दाबून नाडी पळून जाईल." घड्याळ काढून घेतलं, दोरा स्वतःच्या गळ्यात घातला.

२२ ऑगस्ट, सोमवार, पहाट
घागरी घासून झाल्या. हरचंद ओट्यावर बसून पायाला तेल चोळतोय. गल्ली जागी झालीय, बाई देवापुढं.
म्हटलं, इंदू, घड्याळ दे, निघायच्या आधीची लिहून ठेवतो.
दिलं नाही. मला खाली बसवलं, मनगट धरलं. पाव मिनिट नाही, पुरतं मिनिट. पेरांवरून अंगठा फिरत होता, ओठ हलत होते. मी तिच्या ओठांवरून आकडा ओळखायला बघत होतो तर तोंड फिरवलं तिनं.
"किती?"
"ठाऊक हाय मला."
"अगं, किती ते सांग. लिहायचंय."
"जागा सोडा वहीत. परत आल्यावर सांगते."
डोळे कोरडे होते तिचे. घड्याळ तिनं पदराआड सारलं.
हरचंद हाका मारतोय. जागा सोडली.
सकाळची ना. —