कोबीवरचा दगड

लिंडेनफर्ट, मिसूरी
२ सप्टेंबर १९३६

चि. आन्सेल्म यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या सरकारी बागेसाठी गावानं दगड द्यावेत, असं पाद्रीबाबा म्हणाले आणि तुझ्या भाच्यानं, गेरहार्टनं, गाडीभर दगड तुला आणून टाकले. त्या उत्साहमूर्तीनं विहिरीपाशी वाळत ठेवलेला कोबीचा दगडही उचलला! आजीनं जर्मनीहून बोटीतून आणलेला, पिंपात आंबत ठेवलेल्या कोबीवर दाब म्हणून जन्मभर बसलेला तो काळा, गुळगुळीत दगड. पंधरा दिवसांत आई येतेय, कोबी घालायला. दगड दिसला नाही, तर ती मला चिरून पिंपात घालेल. नवरा म्हणतो, दगडच तो, दुसरा आण! तू मात्र तोच दगड लगेच पाठव.

तुझ्याच भरवशावर असलेली,
ऑटिली

९ सप्टेंबर

ती. ऑटिलीताईस सा. न. वि. वि.

तुझा दगड सापडला, पण बागेच्या कमानीत, अगदी मधोमध. मीच बसवला. मला कसा ओळखू येणार? तुझ्याकडे मी कोबी खायला येतो, पिंपात डोकवायला नाही. आता तो काढला तर कमान कोसळेल. सव्वीस तारखेला साहेब तपासायला येणार. दोन वर्षं घरी बसून मिळालेलं हे काम गेलं, तर रोज तुझ्याकडेच जेवायला येईन, विचार कर. सोबत बागेतल्या ओढ्यातला तसाच दगड पाठवतोय. तीन दिवस वाळूनं घासलाय. आम्ही सरकारी कामावरचे लोक फावड्यावर रेलून झोपतो म्हणणाऱ्यांना दाखव.

मार खाण्याच्या तयारीत असलेला तुझा भाऊ,
आन्सेल्म

१८ सप्टेंबर

चि. आन्सेल्म यास आशीर्वाद.

आई आली. दगड हातात घेतला, हुंगला आणि म्हणाली, याला कोबीचा वास नाही. मी सगळं खापर आधी गेरहार्टवर फोडलं, मग तुझ्यावर. आईनं तुझी छिन्नी कुठे असते ते विचारलं, आणि तुझी नोकरी गेलीच असं वाटून मला रडू फुटलं. तर ही बाई खाली बसून हसायला लागली. म्हणाली, सासूबाईंचा दगड माझ्याच हातून लग्नाच्या वर्षी फुटला. त्यांच्या धाकानं मी ओढ्यातून दुसरा उचलून आणला. अडतीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. तुमची बाग जिथे होतेय, तोच ओढा!

आई म्हणते, दगड माहेरी गेलाय, राहू दे तिथेच. फक्त साहेबानं कमानीला आंबूस वास कसला म्हणून विचारलं, तर सांग, आमच्या घरचा आहे.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली, तरी तुझीच,
ताई