खिडकीतलं जहाज

प्रिय छोट्या,

तू बाबांसाठी पाठवलेलं लाकडी जहाजाचं किट जोडून झालं. जोडलं मी. बाबांचा उजवा हात गेल्या हिवाळ्यात लुळा पडला, हे तुला ठाऊक नाही. "त्याला कळवलंस तर बोटीवरची नोकरी टाकून धावत येईल. खबरदार!" असा दमच त्यांनी मला भरला.

मग ते खुर्चीतून हुकूम सोडायचे आणि मी पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून सांगाड्यावर चिकटवायचे. "अगं, जहाज आहे ते, टोपली नव्हे!" डोलकाठीच्या दोऱ्यांना गाठी मारताना एक टोक ते दातांत धरायचे. तेवढा वेळ तरी हुकूम बंद.

काल शिडं लावली आणि जहाज खिडकीत ठेवलं, तोंड बाहेर करून. बाबा बराच वेळ बघत बसले. मग डाव्या हाताने त्यांनी ते हळूहळू फिरवलं आणि तोंड घराकडे केलं.

"निघालेलं नको," म्हणाले. "येताना दिसू दे."

मी बाबांना शब्द दिलाय, त्यामुळे हे पत्र काही टाकणार नाही. पण तू आपणहूनच ये ना रे.

तुझी,
ताई