आत्याची कात्री आणि टाचणीचा तिसरा नंबर

प्रिय आत्या,

तुला आणि आतोबांना नमस्कार. (वाकून केला असता, पण कंबर धरली आहे. का धरली ते तुला सांगायला नको, तू समोर बसून बघतच होतीस.)

माझं आयुष्य शनिवारी दुपारी बदललं. नेमका क्षण सांगतो. टाचणी जिम्नॅस्टिक्सच्या बीमवरून खाली उतरली, दोन्ही हात वर करून उभी राहिली, हॉलभर टाळ्या वाजल्या, आणि तू मान खाली घालून कागदावर लिहायला लागलीस. तो क्षण. बाकीच्या चार पंच निदान श्वास तरी घेत होत्या. तुझं पेन मात्र असं पळत होतं की जणू संपलेल्या किराण्याची यादी करतेयस.

तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला का? मी भडकलेलो आहे म्हणून विचारपूस सोडणार नाही, तेवढं वळण आहे मला. बाबा तुझ्याशी माझ्याविषयी काही बोलले असतील तर कळव. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून ते माझ्याशी फक्त पंख्याबद्दल बोलतात. ('गेल्यावर बंद करत जा.') परवा त्यात गिझरची भर पडली, तेव्हा आई म्हणाली, बघ, विरघळतायत.

टाचणी तुझ्या कागदावर एक आकडा असेल म्हणून सांगतो. हे नाव तिला आमच्या बाईंनी दिलं, म्हणजे प्रशिक्षक बाईंनी. अंगाने सडपातळ, उभी राहते सरळसोट, आणि जवळ जाऊन उगाच काही बोलायला गेलं की टोचते. आमचं प्रेम आहे. म्हणजे माझं आहे, तिचं अजून विचारलेलं नाही. कॉलेज मी तिच्यासाठी सोडलं असं घरात सगळे म्हणतात, ते साफ चूक आहे. कॉलेज मी कॉलेजसाठी सोडलं. या हॉलमध्ये गाद्या अंथरायचं काम धरलं, ते तिच्यासाठी. लोक मला 'गादीवाला' म्हणतात, म्हणोत बापडे. पण बीमखाली गादी मी लावतो, बीमच्या पायांचे स्क्रू मी आवळतो, हाताला लावायची पांढरी पावडर मी भरतो, ती पडणार असं वाटलं की पहिला हात माझा पुढे जातो. आता याला सहायक प्रशिक्षक नाही तर काय म्हणायचं? पगारपत्रकात काय लिहिलंय ते सोड. पगारपत्रक लिहिणाऱ्याला कोलांटी आणि कोलदांडा यातला फरक माहीत नाही.

आता मुख्य तक्रार. ही तुमची गुण द्यायची पद्धत कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? पंचांची एक टोळी मुलीने काय काय अवघड केलं ते बघते आणि शून्यापासून वर मोजत जाते. ही माणसं मला आवडतात. मुलीने नवीन काही केलं की यांचा आकडा चढतो, स्वभावच देत्या हाताचा. आणि दुसरी टोळी, म्हणजे तुम्ही सफाईवाल्या! तुम्ही दहापासून सुरू करता आणि खाली येता. गुडघा वाकला, काप. पायाचं बोट मुडपलं, काप. तोल जाताजाता सावरला, तर तो सावरला याचं कौतुक नाही, जात होता याची शिक्षा. मग दोन्ही आकड्यांची बेरीज करून वर न्याय झाला म्हणता! जमिनीपासून माझ्या छातीएवढ्या उंचीवर, वितीपेक्षा अरुंद पट्टीवर, एक मुलगी मागे न बघता मागे उडी मारते, हात टेकून उलटी होते, आणि उभी राहते न राहते तोच हात न टेकता पुन्हा हवेत उलटी होऊन पुन्हा त्याच पट्टीवर उतरते. आणि तुला दिसतो तिचा अंगठा! मग ती 'मेणबाहुली' येते, दुसऱ्या क्लबची. अवघड म्हणावं असं एक काही करत नाही, बीमवर अशी चालते की खाली नवं कार्पेट अंथरलंय, आणि तुम्ही पाची जणी पेन खाली ठेवून बसता. कापायला काही सापडतच नाही, कारण तिने काही केलेलंच नसतं! अशाने मीसुद्धा बीमवर जाऊन नुसता उभा राहीन. (हे वाक्य मी लिहायला नको होतं. पण खाडाखोड केली की तू त्याचेही गुण कापशील.)

तर शनिवारी टाचणीचे गुण लागले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सफाईत दहापैकी जेमतेम साडेसात! बाई तेव्हा आत एका मुलीच्या घोट्याला पट्टी बांधत होत्या. जाताना त्यांनी जॅकेट माझ्याकडे धरायला दिलं होतं, त्याला त्यांचं प्रशिक्षकाचं कार्ड लटकत होतं. ते मी गळ्यात घातलं आणि तक्रारीच्या टेबलावर गेलो. तिथे चष्मा कपाळावर चढवून बसलेले गृहस्थ म्हणाले, "सफाईच्या गुणांवर दाद मागता येत नाही. अवघडपणाचे गुण तपासून हवे असतील तर बोला."

मी म्हणालो, "मग तेच तपासा."

"नक्की ना? तपासल्यावर वर जातात तसे खालीही येतात."

"साहेब, आमच्या मुलीचे गुण खाली येत नसतात."

"तुम्ही तिचे कोण?"

आत्या, सगळा हॉल ऐकत होता, आणि टाचणीही. मी छाती फुगवून म्हणालो, "मी तिचा प्रशिक्षक आहे!" तू त्या वेळी मला एक खूण करू शकली असतीस. नुसती भुवई उचलली असतीस तरी पुरलं असतं. नात्यातलं माणूस खड्ड्याकडे धावतंय आणि तू पेनाला टोपण लावत होतीस!

कारण मी क्रमवारीच्या फळ्याकडे बघितलंच नव्हतं. मी टाचणीकडे बघत होतो (गादी नीट आहे ना, हे बघणं माझं काम आहे). फळ्यावर ती तिसरी होती. या स्पर्धेतून संघात तिघीच घेणार होते. म्हणजे तुझ्या कात्रीतूनही ती सुटली होती, निवडली गेली होती, घरी जाऊन झोपली असती तरी चाललं असतं. आणि ते अवघडपणावाले देत्या हाताचे लोक चित्रफीत संथ करून बघायला बसले. पहिल्या उलट्या उडीनंतर दुसरी लगेच जोडली तरच जोडणीचे गुण, मध्ये थांबलं तर नाहीत. आता मला सांग, एवढं संथ करून बघितलं तर कोण थांबलेलं दिसणार नाही? धावतं कुत्रंसुद्धा विचारात पडलेलं दिसेल. इतर सगळ्या मुलींना साध्या डोळ्यांनी बघितलं आणि हिला एकटीला संथ करून. जोडणीचे दोन दशांश गेले. टाचणी चौथी झाली, मेणबाहुली तिसरी.

पुढचं तू बघितलंस. त्या दोन उलट्या उड्यांमध्ये माणूस थांबूच शकत नाही हे सिद्ध करायला मी बीमवर चढलो. चढणं चांगलं झालं होतं. वळताना काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण गाद्यांच्या जोडावर पडलो, आणि जोड मीच लावला होता. लोक हसले त्याचं मला काही नाही. पण आत्या, तू मान खाली घालून पुन्हा काहीतरी लिहिलंस. मी पडल्यापडल्या बघितलं. माझे गुण काढलेस ना? खरं सांग, किती दिलेस?

संध्याकाळी टाचणी मागच्या खोलीत बर्फाच्या बादलीत पाय बुडवून बसली होती. मी दारातून म्हणालो, तुझ्यावर अन्याय झाला, माझ्या आत्याने तुला उगाच कापलं. तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्यांनी बरोबर कापलं. माझा गुडघा वाकला होता. महिनाभर मी त्या गुडघ्यावरच काम करतेय, तुला कधी दिसलं?"

मी म्हणालो, "पण तू केवढं अवघड केलंस!"

"तुला अवघडच दिसतं रे. नीट काय असतं ते तुला माहीतच नाही. मी तिसरी होते. ती मेणबाहुली काय सुंदर उतरते माहितीये? मला तिच्यासारखं उतरायचंय."

मी म्हणालो, जे केलं ते तुझ्यासाठी केलं. तेव्हा मात्र तिने वर बघितलं. "माझ्यासाठी करायचं होतं तर फळा वाचायचा होतास. तुला राग आला होता, तो तू बाहेर काढलास. आता जा, पाय गार पडलेत." बादलीत बर्फ असताना पाय गार पडल्याची तक्रार ती एरवी करत नाही. तिचा चेहरा भिजला होता, आणि बर्फाचं पाणी एवढं वर उडत नाही.

असो. तुझ्या पद्धतीवरचा माझा राग कायम आहे, हे लक्षात असू दे. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप, जिने कमी चढ.

तुझा (अजूनही) लाडका भाचा

ता. क. आतोबांना सांग, त्यांनी मागितलेली पांढरी पावडर मिळणार नाही. ती बुटाला लावायची नसते.

ता. क. २. आता खरं काम. निवड समिती उद्या सकाळी शेवटची यादी करायला बसणार आहे. नियम असा आहे की दाद फक्त मान्यताप्राप्त प्रशिक्षकाने मागायची. भलत्याच माणसाने मागितली असेल तर ती मागितलीच नाही असं धरतात आणि आधीचे गुण कायम राहतात. म्हणजे टाचणी तिसरी. बाईंनी समितीला सांगून बघितलं की तो पोरगा नुसता गाद्या अंथरतो. समिती म्हणते, त्याच्या गळ्यात कार्ड होतं आणि सगळ्या हॉलसमोर तो स्वतःला प्रशिक्षक म्हणाला, तुम्ही आता मुलीसाठी शब्द फिरवताय. मी जाऊन सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण तुझ्यावर ठेवतील. तू आजवर कोणाला फुकटचा एक दशांश दिलेला नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा उद्या जा आणि सांग, हा माझा सख्खा भाचा आहे, मी याला जन्मापासून ओळखते. प्रशिक्षक नाही, सहायकही नाही. याला जिम्नॅस्टिक्समधलं काही कळत नाही. कार्ड याने बाईंना न विचारता गळ्यात घातलं. बीमवरून पडला तेही सांग, तो पुरावा आहे. माझी बाजू घेऊ नकोस. मी वर काय काय लिहिलंय ते विसर.

ता. क. ३. दुसऱ्याचं कार्ड वापरणाऱ्याला कुठल्याच स्पर्धेच्या हॉलमध्ये परत पाऊल टाकता येत नाही, हे मी वाचलं आहे. त्यामुळे ते सांगताना अडखळू नकोस. बाबा विचारतील तर त्यांना तूच सांग, मला पंख्यापलीकडचं बोलायची सवय राहिलेली नाही.

ता. क. ४. गाद्यांच्या खोलीत बसून लिहितोय. किल्ली खिळ्याला अडकवली आहे. बाहेर टाचणी एकटीच सराव करतेय, तेच उतरणं पुन्हा पुन्हा, गुडघा सरळ ठेवून. आज मला दिसतंय. हे पाकीट तुझ्या दारातल्या पत्रपेटीत टाकायला निघतो, हॉलमधूनच जावं लागेल, तिच्याशी बोलणार नाही. मागून मोठा आवाज झाला असं ती उद्या तुला म्हणाली, तर मी रागाने गेलो असं समजू नका. या खोलीचं दार आपटल्याशिवाय लागतच नाही.