पाइपाचा नवा ब्रश

अहो,

तुमचा लोखंडी तारेचा ब्रश मी भंगारात दिला, शोधू नका. त्याच्या ओरखड्यांनीच चुलीच्या धुराचा स्टीलचा पाइप आतून गंजलाय. शिरूरवरून प्लास्टिकच्या केसांचा आणलाय, पाइपात आवळून बसंल असा. दाराआड हाय.

पण एकट्यानं पत्र्यावर चढू नका. वरून ब्रश फिरवायला एक आन् खाली काजळीला पोतं धरायला एक, अशी दोन माणसं लागत्यात. तुम्ही रातपाळीवरून येता तवा मी कामाला गेलेली असते, मी येते तवा तुमची कंपनीची बस सुटलेली असती.

शेजारच्या सोपानमामांना बोलवू नका. आपण दोघं घरात जागी असू, असा एक दिवस काढा. तोवर ही चूल पेटायची न्हाई.

सारिका