नखातलं काळं

कोहका, गुरुवार, संध्याकाळ

साबणाने घासून घासून हात धुतले, तरी नखातलं काळं जात नाही.

आमची अश्विनी डोळे तपासण्याचा कोर्स करते आहे. काल कॉलेजात बकऱ्याचा डोळा कापताना तिला ओकारी आली. उद्या पुन्हा कापून दाखवायचा आहे. म्हणून आज खाटकाकडून एक डोळा आणला आणि ताटलीत ठेवून रडत बसली.

"बाबा, मले नाई जमून राहिलं. हातात धरवतच नाई."

"मी धरतो. तू काप."

गळ्यात तुळशीची माळ आणि मुठीत ते गार, बुळबुळीत! बायको दारातूनच म्हणाली, "आता बकराच आणून बांधा घरात."

अश्विनीने वरचं पांढरं कवच कात्रीने कापलं. आतला काळा, ओला थर माझ्या बोटांवर उतरला. मी तोंड फिरवलं. ती मात्र हळूहळू बोलायला लागली. हा मधला थर, कोरॉइड. यात रक्तवाहिन्यांचं जाळं, मागच्या पडद्याला रक्त इथूनच मिळतं. पुढे याच थराचं बुबुळ होतं.

"पाहा न बाबा, कसा चमकून राहिला!"

काळ्यावर मोरपंखी निळा तुकडा होता. एवढ्या घाणीत देवाने हे कशाला ठेवलं असेल? पण मला किळसच आली. अजूनही येते आहे.

दिवेलागण झाली. नखं तशीच काळी. या हातांनी देवाला कसं शिवू? अश्विनीला म्हटलं, "आज दिवा तू लाव."

तिने फक्त कात्री धरली होती. तिचे हात स्वच्छ होते, आणि पहिल्याच काडीत तिने दिवा लावला.