फायदे, तोटे आणि बटणांचा डबा

३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
कॉम्प्युटर सुरू केला की पुन्हा तीच पाटी. या विंडोजला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, सुरक्षेची जबाबदारी तुमची. तुमची म्हणजे माझी. घरात दुसरी फक्त ही, आणि ही कपडे शिवते.

प्रश्न सरळ आहे. विंडोजवरच राहायचं की लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर जायचं? निर्णय होईपर्यंत रोजनिशी लिहायचं ठरवलं. वहीतच. ज्याची चौकशी चालू आहे त्याच्याच पोटात चौकशीचे कागद ठेवत नाहीत. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासले, एक आकडा चुकला नाही. घाईचं काम माझ्याकडून होत नाही.

काल जेवताना मेहुणा (हिचा धाकटा भाऊ, ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर बसवून देतो) म्हणाला, भावोजी, तुमच्याने नाही व्हायचं ते, मी पुढच्या महिन्यात येऊन करून देतो. याचा माझ्या विचारांशी काही संबंध नाही.

४ नोव्हेंबर
तक्ता आखला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. खात्यातली पद्धत.

फायदे: फुकट (९). व्हायरसची भीती कमी (८). जुन्या यंत्रावरही पळतं म्हणे (८). सुरू होताना वाजणारं ते भिकार संगीत जाईल (७).
तोटे: नवीन शिकावं लागेल (मला २, इतरांना ८, सरासरी ५). प्रिंटर रुसू शकतो (६). हिचं कपड्यांचे खाके काढायचं सॉफ्टवेअर तिकडे चालतं की नाही, बघावं लागेल (३).

५ नोव्हेंबर
हिने तक्ता पाहिला. तीन गुणांवर बोट ठेवून विचारलं, हे काय? म्हटलं, प्राथमिक अंदाज.

नोंदीसाठी: हिला नाटक मंडळीची ऑर्डर मिळाली आहे. चोवीस पोशाख, तीस तारखेला पहिला प्रयोग. चोवीस जणांची मापं आणि प्रत्येक पोशाखाचा खाका या कॉम्प्युटरमध्ये. या ऑर्डरसाठी हिने शिवणक्लासची नोकरी सोडली. बारा वर्षांची. हे काम नीट झालं तर मंडळीची पुढची सगळी नाटकं हिच्याकडे.

ही म्हणाली, तीस तारखेपर्यंत यंत्राला हात लावू नका. मी म्हणालो, अर्थात. हात लावणं वेगळं आणि विचार करणं वेगळं.

८ नोव्हेंबर
मुद्दे वाढवले. बेरीज: फायदे ६१, तोटे ६१. पुन्हा केली. तेच. आमचे साहेब म्हणायचे, आकडे खोटं बोलत नाहीत. पण ते काहीच बोलत नसतील तर काय करायचं, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, दुपारी ३
ही राणीच्या बाहीचा खाका काढत असताना पडदा गोठला. हिने बंद करून चालू केलं, दोन मिनिटांत काम सुरू. ही म्हणाली, काही झालं नाही. मी मात्र चहाचा कप खाली ठेवला. चोवीस पोशाख, असुरक्षित यंत्र, आणि जबाबदार माणूस शेजारी चहा पीत बसलेला! उद्या व्हायरस आला तर? मला कोण माफ करेल?

म्हणजे हिच्याच कामासाठी बदल लवकर करायला हवा. हे हिला आत्ता सांगण्यात अर्थ नाही. कामात आहे.

१३ नोव्हेंबर
एक मुद्दा राहून गेला होता. स्वाभिमान (३). आपल्या घरातलं यंत्र आपण हाताळायचं, कुणाच्या पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही. बेरीज: ६४ विरुद्ध ६१. निकाल स्वच्छ आहे.

१४ नोव्हेंबर
आधी बॅकअप. माझ्यासारखा सावध माणूस बॅकअपशिवाय पाऊल टाकणार नाही. हिच्या सगळ्या फाइल्स सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर घेतल्या. दोन स्वतंत्र कप्पे. सीमध्ये फाइल्स ४१२, डीमध्ये ४१२. दोनदा मोजल्या. वहीत तारखेसह सही केली.

मेहुण्याचा सहज फोन आला. बॅकअप वगैरे घ्यायचा तर माझी बाहेरून जोडायची डिस्क न्या म्हणाला. म्हटलं, आमच्याकडे डी आहे. तो पुढे काही बोलणार होता, मी फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०.५०
ही मंडळीच्या हॉलवर गेली आहे. सहा पोशाख कच्च्या टिपा घालून नटांच्या अंगावर बघायचे आहेत. चारपर्यंत येणार. संधी सोन्यासारखी. परत येईल तेव्हा यंत्र नवं, सुरक्षित, आणि मी काही बोलणारच नाही. तीच विचारेल.

११.१५
लिनक्स भरायला पेन ड्राइव्ह लागतो. दुकान चौकातच आहे, पण घरात असताना विकत का घ्यायचा? हिच्या बटणांच्या डब्यात सापडला, काळ्या बटणांच्या खाली. हिने मागे एकदा सांगितलं होतं, बटणांचा डबा हलवू नका. डबा हलवला नाही. जागच्या जागी उघडला.

पेन ड्राइव्हवर नाव नाही, चिठ्ठी नाही. ज्या मीटरवर नंबर नाही, तो मीटर खात्याच्या लेखी नाहीच.

११.३०
पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं. हल्ली सगळेच घाबरवतात. चालेल.

१२.२०
आता दोन पर्याय. विंडोजच्या शेजारी बसवा किंवा पूर्ण डिस्क पुसून बसवा. शेजारी म्हणजे अर्धवट काम. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बॅकअप आहेच. पुसा.

बटण दाबण्याआधी चष्मा दोनदा पुसला. धूळ असावी.

१.१०
झालं! बारा सेकंदांत सुरू होतो. संगीत नाही. पडद्यावर डोंगर आणि पहाट. मेहुण्याला फोटो पाठवला. खाली लिहिलं, झालं बुवा आमच्याने.

१.३०
डी दिसत नाही. इकडे डीला डी म्हणत नसावेत.

२.१५
सगळे फोल्डर उघडले. नीटनेटके आहेत. रिकामे आहेत. चहा केला, प्यायलो नाही.

२.४०
मेहुण्याला फोन. एका ओळखीच्या गृहस्थांची अडचण म्हणून विचारलं. तो म्हणाला, भावोजी, त्या गृहस्थांचे सी आणि डी एकाच डिस्कवर होते का? म्हटलं, त्यांना विचारून सांगतो. तो म्हणाला, एका घरात दोन खोल्या, घरच पाडलं की खोली कुठली राहते? आणि हळूच विचारलं, ताई घरी आहे का?

यंत्र बंद करा, काहीही करू नका, मी निघतो, म्हणाला.

३.२५
हिला काय सांगायचं, त्याचे मुद्दे काढायला बसलो. व्हायरस आला होता, असं म्हणता येईल (४). वीज गेली (५). खरं सांगणं — याला किती गुण द्यायचे, कळत नाही.

४.०५
आली. चप्पल काढतानाच म्हणाली, सेनापतीची बगल काचतेय, खाका आत्ता दुरुस्त करून टाकते. मी वाट अडवून उभा. एकही मुद्दा आठवेना. म्हणालो, सगळं पुसलं गेलं. मी पुसलं.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, असू दे, माझ्याकडे कॉपी आहे. आणि सरळ बटणांच्या डब्याकडे गेली.

पेन ड्राइव्ह अजून यंत्रालाच लावलेला होता. मी तिकडे बोट दाखवलं. ही खुर्चीवर बसली. डबा मांडीवर घेतला आणि बटणं उगाच चाळत राहिली, काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

१७ नोव्हेंबर
मेहुणा रात्रभर थांबला. कुठलंसं सॉफ्टवेअर लावून पुसलेलं परत काढायचा प्रयत्न केला. सकाळपर्यंत चाळीस फाइल्स मिळाल्या. एकोणचाळीस माझ्या निरोपसमारंभाचे फोटो. एक खाका, दरबारातल्या विदूषकाच्या टोपीचा.

जाताना मेहुणा पेन ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून गेला: ताईचा.

ही सकाळीच मंडळीच्या व्यवस्थापकांना भेटून आली. चोवीस जणांची मापं नव्याने घ्यायची, खाके खाकी कागदावर हाताने काढायचे. दिवस तेरा. व्यवस्थापक म्हणाले, घ्या मापं, पण पडदा तीसलाच उघडणार.

१८ नोव्हेंबर
हिने मापं लिहायला वही मागितली. दुकान उघडेपर्यंत थांबायला वेळ नाही, घरात कोरी पानं फक्त याच वहीत. मागची पानं वाचू नकोस, असं म्हणणार होतो. कुठल्या तोंडाने म्हणणार? मलाही बरोबर चला म्हणाली. आकडे लिहायला माणूस हवा, तुमचं अक्षर चांगलं आहे.

राजा: छाती ४०, कंबर ३६, बाही २४.
सेनापती: छाती ४२, कंबर ४४. मी म्हटलं, सेनापतीची कंबर जरा... ही म्हणाली, मत देऊ नका, लिहा.

१ डिसेंबर, सकाळी ८
वही आज परत मिळाली. मधली सव्वीस पानं मापांची. एक आकडा खाडाखोडीचा नाही.

काल प्रयोग झाला. चोवीसपैकी सोळा पोशाख पूर्ण. उरलेले आठ शिपाई जुन्याच कपड्यांत उभे राहिले, मागच्या रांगेत. टाळ्या भरपूर. व्यवस्थापक हिला म्हणाले, एवढ्या वेळात कमाल केलीत. पुढच्या नाटकाचं विचारलं तर म्हणाले, बघू. तेरा दिवस कात्री धरून हिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. आज सकाळी शिवणक्लासच्या बाईंना फोन करत होती, जागा अजून रिकामी आहे का म्हणून.

कॉम्प्युटर छान चालतो. बारा सेकंदांत उघडतो. उघडून बघण्यासारखं आत काही नाही.

वही पहिल्यापासून चाळली. चार तारखेच्या तक्त्यात, तोट्यांच्या रकान्यात, सगळ्यांत खाली हिच्या अक्षरात एक ओळ आहे. कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने लिहिलेली.

मला विचारलं नाही (१०).

बेरीज नव्याने केली. फायदे ६४, तोटे ७१. दोनदा तपासली. बरोबर आहे.